कागद नको, धूर तपासा : परिवहन आयुक्त आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

प्रत : जळगाव, धुळे व नंदुरबार येथील परिवहन कार्यालये, जळगाव व धुळे महानगरपालिका

विषय : पीयूसी तपासणीतल्या त्रुटी आणि खान्देशातल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष धूरमोजणी सुरू करण्याबाबत

महोदय,

‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ हे धोरण राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. पंपावरच्या कॅमेऱ्याने गाडीचा नंबर वाचायचा आणि प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसली की इंधन नाकारायचे, अशी ती कल्पना. हेतूशी आमचे भांडण नाही. पण कॅमेरा, पंप, पोर्टल, दंड या सगळ्या साखळीत सायलेन्सरमधून काय बाहेर पडते ते फक्त एका टप्प्यावर मोजले जाते, आणि तो टप्पाच सगळ्यात कच्चा आहे. तो तसाच ठेवून प्रमाणपत्राची सक्ती वाढवली, तर वाढेल तो प्रमाणपत्रांचा खप.

पत्र लिहिणारे आम्ही एमएच-१८, एमएच-१९ आणि एमएच-३९ पासिंगच्या गाड्यांवर पोट असलेले गॅरेजवाले, डिझेल पंप-नोझलचे कारागीर, आयटीआयचे निदेशक आणि महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे आहोत. बिघडलेल्या गाडीचा धूर सगळ्यात आधी गॅरेजातल्या पोरांच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असे जाहीर केले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात बसतात. गाडी ‘पास करून द्या’ ही मागणीही आधी आमच्याच दारात येते. त्यामुळे तपासणी कुठे आणि कशी फसते हे आम्हाला ऐकून नाही, कामातून माहीत आहे. ते तक्रारवार लिहितो.

पेट्रोल गाड्यांची तपासणी : नळी किती आत गेली?

केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ खाली पेट्रोल गाडीच्या धुरात आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू ठेवून, दोन गोष्टी पाहतात : कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम, बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या) मोटारीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशा मर्यादा आहेत. दुचाकीची मर्यादा मुळात सैल आहे. नीट ट्यून केलेली कार्ब्युरेटरची गाडी त्याच्या बरीच खाली चालते. तरीही नापास होणारी गाडी पास करायची असेल तर दोन युक्त्या रोज वापरल्या जातात. पहिली, मिक्श्चर स्क्रू तेवढ्यापुरता ‘पातळ’ बाजूला फिरवायचा. कार्बन मोनॉक्साइड उतरतो, कागद निघतो, आणि पिकअप जातो म्हणून पुढच्या चौकात स्क्रू पुन्हा जागेवर येतो.

दुसरी युक्ती तर युक्तीही नाही, निव्वळ आळस आहे. नमुना घ्यायची नळी सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवी. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये आतले पडदे आड येतात, म्हणून तोंडाला हवाबंद जोडनळी लावून लांबी वाढवावी लागते. ती जोडनळी बहुतेक ठिकाणी डब्यातच पडून असते. नळी तोंडाशी टेकवली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे आकडे एकदम खाली येतात. थर्मामीटर काखेऐवजी शर्टाच्या खिशात ठेवून ताप नाही म्हणण्यातला हा प्रकार आहे.

ही चोरी पकडायला वेगळे यंत्र लागत नाही. चार वायू मोजणारे यंत्र कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दाखवते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू मोडणारा भाग, ‘कॅट’) असलेल्या, नीट चालणाऱ्या पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ऑक्सिजन एखाद्या टक्क्याच्या आत. वाचनात कार्बन डायऑक्साइड ७ आणि ऑक्सिजन १० आला, तर तो निम्मा धूर आणि निम्मी हवा. कॅट काढून तिथे साधा पाइप ठोकलेली फ्युएल इंजेक्शनची गाडी (प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी कॅट भंगारात चांगल्या भावाने जाते) आयडलला साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन मोनॉक्साइड देते. हवा मिसळली की ती ०.३ च्या आत सहज बसते. म्हणजे जी चोरी पकडायला ही तपासणी आहे, ती चोरीच तिच्यातून सुटते.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. काही दुचाकींमध्ये एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारी झडप असते. त्यांच्या धुरात ऑक्सिजन जास्त येणारच. म्हणून हवा मिसळल्याची मर्यादा मॉडेलनुसार ठरवावी लागेल. सरसकट नियम लावलात तर प्रामाणिक गाड्या नापास होतील आणि मग तो नियमच गुंडाळला जाईल.

डिझेल : अर्धी रेस, पूर्ण कागद

डिझेलसाठी धूरमापकावर ‘फ्री अ‍ॅक्सिलरेशन’ चाचणी आहे. इंजिन गरम हवे, ऑइल किमान ६० अंशांवर. गिअर न्यूट्रलमध्ये. आधी दोन-तीन रेस मारून सायलेन्सरमधली साचलेली काजळी बाहेर काढायची. मग आयडलवरून अ‍ॅक्सिलरेटर एका दमात पूर्ण दाबायचा, गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) इंधन तोडेपर्यंत धरायचा, सोडायचा. असे करत सलग चार वाचने एकमेकांच्या जवळ आली की त्यांची सरासरी घ्यायची. मर्यादा धूर किती प्रकाश अडवतो त्यावर आहे : बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज, म्हणजे प्रतिमीटर २.४५, बीएस-४ ला ५० हार्ट्रिज, म्हणजे १.६२.

प्रत्यक्षात रेस अर्धीच मारतात. इंजिनाने गव्हर्नरचा वेग गाठलाच नाही, तर पंप पूर्ण इंधन देत नाही आणि काजळीही पूर्ण निघत नाही. आरपीएमचा सेन्सर आणि ऑइलच्या तपमानाची काडी लावली तर हे तिथल्या तिथे उघडे पडेल. पण सेन्सर हुकाला लटकलेला आणि काडी पेटीत. चालकही पूर्ण रेसला घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नाही. टायमिंग बेल्ट जुना असेल तर पूर्ण रेसला तुटतो, ऑइल कमी असेल तर इंजिन धरते. नुकसान कोणी भरायचे हे कुठेही लिहिलेले नाही, म्हणून केंद्रवाला अंगावर घेत नाही. त्यात दर. दुचाकीचे ५० आणि डिझेल गाडीचे १५० रुपये. इंजिन गरम करून, काडी लावून, चार वाचने जुळेपर्यंत थांबून ही चाचणी करायला पाव तास लागतो. १५० रुपयांत पाव तास, आणि वर बेल्ट तुटण्याची जोखीम : हा हिशेब बसत नाही, म्हणून चाचणी होत नाही. याला फक्त केंद्रवाल्यांची लबाडी म्हणणे आम्हाला पटत नाही.

आणि मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. पीयूसीची व्हॅन किंवा पत्र्याची टपरी उन्हात उभी असते. आत त्याहून जास्त. वायू मोजणारी यंत्रे इन्फ्रारेड किरण शोषण्यावर चालतात आणि बहुतेकांची कामाची कक्षा ४० ते ४५ अंशांपर्यंतच असते. त्यापुढे शून्य सरकते. नमुन्याच्या वाटेवरचा फिल्टर काळा झालेला, पाण्याचा सापळा भरलेला, रबरी नळीला चीर, ऑक्सिजनचा सेल आयुष्य संपलेला, असे असले तरी यंत्र आकडा देतेच. रोज सकाळी गळतीची चाचणी घेतली, महिन्यातून एकदा ज्ञात प्रमाणाचा कॅलिब्रेशन गॅस सोडून पाहिला, की यातले निम्मे दोष कळतात. त्याची नोंदवही कोण बघतो?

हे फक्त खान्देशाचे रडगाणे नाही. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त वाचन नोंदले असूनही १.०८ लाख पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी वाहनांना प्रमाणपत्र दिले गेल्याचे त्यात आहे. म्हणजे आकडा नापास, कागद पास, आणि दोन्ही एकाच संगणकात. एका मिनिटात तपासणी उरकून प्रमाणपत्र निघाल्याच्या हजारो नोंदीही त्यात आहेत. देशाच्या राजधानीत, सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेखाली ही गत. इथे तशी तपासणी एकदा करून बघा एवढेच म्हणतो.

जे मोजलेच जात नाही

आतापर्यंतचे दोष माणसांचे आणि यंत्रांचे होते. पुढचा दोष चाचणीतच आहे आणि आमच्या मते तो सगळ्यात मोठा.

पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइड मोजली जात नाहीत. मोजली असती तरी आयडलवर फारशी सापडली नसती, कारण ती इंजिनावर भार आल्यावर, ज्वलनाचे तपमान चढल्यावर तयार होतात. लळिंगचा घाट चढणारा भरलेला ट्रक ती ओकतो. पंपाशेजारी न्यूट्रलमध्ये उभा ट्रक नाही. याचा उलटा परिणाम गॅरेजमध्ये दिसतो. ईजीआर झडप एक्झॉस्टचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून तपमान उतरवते. तिच्यात काजळी साचते, गाडी ओढत नाही, म्हणून मालक पत्र्याची चकती टाकून ती बंद करायला सांगतो. बंद केली की काळा धूर कमी होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड वाढतात. पीयूसीला पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही. म्हणजे प्रदूषण वाढवणाऱ्या बदलाला आपली तपासणी शाबासकी देते. तीच ऑक्साइड पुढे आमच्याकडच्या कडक उन्हात ओझोन तयार करतात, आणि हवेतल्या अमोनियाशी जुळून सूक्ष्म कणही.

दुसरे, बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले हे मानक चांगले आहे आणि सरकारला त्याचे श्रेय द्यायला हवे. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आले. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० झाली, कणांची २५ वरून ४.५. पण हे सगळे दोन भागांवर उभे आहे : कण अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी यंत्रणा, म्हणजे एससीआर. ते भाग शाबूत आहेत का, हे तपासायला आपल्याकडे तीच जुनी धूरमापकाची नळी आहे.

डीपीएफ फुटला किंवा आतून पोकळ केला, तरी आधुनिक इंजिनाचा धूर डोळ्यांना आणि प्रकाशावर चालणाऱ्या धूरमापकाला जेमतेम दिसतो, कारण कण ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. म्हणून नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून वार्षिक तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले. आयडलवर एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाखांपेक्षा जास्त कण आले की गाडी नापास. जर्मनीने त्याच वर्षी जुलैपासून अडीच लाखांची मर्यादा लावली. चांगल्या फिल्टरची गाडी काही हजारांच्या आतच राहते, त्यामुळे निकाल एका मिनिटात आणि वादाशिवाय लागतो. पूर्ण रेस मारायची गरज नाही, बेल्ट तुटायची भीती नाही. डिझेलच्या तपासणीतली जी अडचण वर सांगितली, ती इथे आपोआप सुटते.

युरियाचे त्याहून सोपे आहे. द्रावण ३२.५ टक्क्यांचे हवे. पैसे वाचवायला त्यात पाणी घालतात, किंवा ‘इम्युलेटर’ नावाची डबी जोडून संगणकाला टाकी भरली आहे असे सांगतात. आमच्या भागात तिसरे कारणही आहे. हे द्रावण सतत ३५ अंशांत ठेवले तर आयएसओ २२२४१ प्रमाणे सहाच महिने टिकते. ढाब्याबाहेर उन्हात रचलेल्या कॅनचे काय होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की द्रावणाचा टक्का कळतो, आणि डायग्नोस्टिक सॉकेटला स्कॅनर जोडला की बरेच बनाव उघडे पडतात. आपल्या किती निरीक्षकांकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे?

खोऱ्याची आणि रस्त्यांची गोष्ट

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आणि मध्ये तापीचे खोरे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक आकड्यावर येतो, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि सकाळचे ऊन चढेपर्यंत धूर वर जात नाही. ट्रकांची वर्दळ तेव्हाही थांबत नाही. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. जळगावात जुना महामार्ग अजिंठा चौफुलीपासून खोटेनगरपर्यंत वस्तीतून, शाळा-महाविद्यालयांच्या फाटकांवरून जातो. रावेर-सावद्याला केळीच्या हंगामात भरायला लागलेल्या गाड्यांची रांग इंजिन चालू ठेवून उभी असते. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये घेतलेल्या आढाव्यात मोठ्या रस्त्याच्या कडेपासून ३०० ते ५०० मीटरचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित ठरवला. या पट्ट्यात जळगाव शहराचा किती भाग येतो हे नकाशावर पट्टी ठेवून कुणालाही पाहता येईल.

जळगाव राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. धुळे नाही, नंदुरबारही नाही. दोन राष्ट्रीय महामार्गांच्या चौकावरचे शहर यादीबाहेर राहते, तेव्हा तिथे हवा चांगली आहे की मोजणीच अपुरी आहे, हा प्रश्न विचारायला हवा. हाताने चालवायच्या केंद्रांवर राष्ट्रीय निकषाप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नमुने घेतात. महामार्गाच्या कडेला काय चालले आहे ते अशा केंद्रातून कळत नाही, कारण केंद्र सहसा इमारतीच्या गच्चीवर असते आणि माणूस फुटपाथवर.

या कार्यक्रमाच्या पैशाबद्दलही एक शब्द. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभर खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर गेला, वाहनांच्या धुरावर १२.६३ टक्के. धूळ आमच्याकडे आहेच, कुणी नाकारत नाही. काळी माती, जिनिंगचा कचरा, पेटवलेल्या पऱ्हाट्या, सगळे आहे. पण पाण्याचा फवारा दहा मायक्रॉनची धूळ खाली बसवतो. ०.१ मायक्रॉनची काजळी थेंबाला टक्कर न देता हवेबरोबर त्याच्या बाजूने निघून जाते. ज्या कणांचा फुप्फुसाच्या तळापर्यंत शिरकाव होतो, त्यांच्यावर टँकरचा काही इलाज नाही. यातला माती, पऱ्हाट्या आणि डिझेलचा वाटा वेगळा काढता येतो. हवेतले कण गोळा केलेल्या फिल्टरवर सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम सापडले तर माती, लेव्होग्लुकोसान सापडले तर जळलेला काडीकचरा, मूलद्रव्य रूपातला कार्बन जास्त असेल तर बहुधा डिझेल. हे पृथक्करण तिन्ही जिल्ह्यांसाठी, चारही ऋतूंत व्हायला हवे, आणि निकाल मराठीत प्रसिद्ध व्हायला हवेत.

थोड्या गाड्या, जास्त धूर

डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्याच्या एका कडेवरून दुसरीकडे इन्फ्रारेड किरण सोडून धावत्या गाडीचा धूर मोजायची पद्धत तयार केली. किरण अर्ध्या सेकंदात धुराचा ढग वाचतो, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत बाकीचे वायू किती ते काढतो आणि कॅमेरा नंबर टिपतो. गाडी थांबवावी लागत नाही. त्यांना दिसले की साधारण दहा टक्के गाड्याच निम्मा कार्बन मोनॉक्साइड सोडतात. दिल्ली-गुरुग्रामला याच पद्धतीने लाखाहून अधिक मोजण्या झाल्या आणि २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. बीएस-६ मुळे कण कमी झाल्याचे त्यात दिसले, पण नायट्रोजन ऑक्साइड प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या बरीच वर निघाली, अगदी सीएनजीच्या छोट्या मालवाहू गाड्यांतही.

या शोधातून धोरणासाठी एकच गोष्ट निघते. शंभरातल्या नव्वद गाड्यांना वर्षातून एकदा-दोनदा रांगेत उभे करण्यापेक्षा ज्या दहा धूर सोडतात त्या रस्त्यावर हुडकायला हव्यात. त्यासाठी कायदा बदलायचीही गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ११६ नुसार, वैध पीयूसी असली तरीही, धुरावरून शंका आली तर मोटार वाहन निरीक्षक किंवा पोलीस उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी गाडीची तपासणी करायला लावू शकतो. नियम पुस्तकात आहे. रस्त्यावर मात्र चालकाला हटकले की ‘कागद शे ना भो!’ एवढे म्हणून तो सुटतो, कारण आम्हीच त्याला कागदाची सवय लावली.

दंडाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना रद्द होऊ शकतो. दहा हजारांच्या भीतीने डिझेल रिक्षावाला नोझल दुरुस्त करत नाही. तो कागद विकत घेतो. काळ्या धुराची कारणे बहुतेक वेळा साधी असतात : तुंबलेला एअर फिल्टर, पिचकारीऐवजी थेंब सोडणारे नोझल, ओढ वाढवायला मुद्दाम वाढवलेला पंप, टर्बोच्या पाइपची सैल क्लिप. निळा धूर असेल तर रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सील, आणि तो खर्च मोठा. म्हणून आधी मुदत द्या, दुरुस्तीची पावती आणि नवे वाचन मागा, आणि दुसऱ्या वेळी तीच गाडी सापडली तर मग पूर्ण दंड करा.

आमच्या मागण्या अशा :

१. नियम ११६ खालची रस्त्यावरची धूरमोजणी लळिंग घाट, कोंडाईबारी घाट, चाळीसगावचा औट्रम घाट, हाडाखेड व नवापूरची सीमा आणि जळगाव शहरातला जुना महामार्ग येथे आठवड्यातून किमान एक दिवस व्हावी. जागा आधी जाहीर करू नये. निकाल मात्र दर महिन्याला जाहीर करावेत.

२. पीयूसीच्या प्रत्येक चाचणीची कच्ची वाचने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, आरपीएम, ऑइलचे तपमान, सुरू आणि संपल्याची वेळ, पोर्टलवर साठवावीत. हवा मिसळलेले किंवा आरपीएम न गाठलेले वाचन प्रणालीनेच फेटाळावे. नंबर झाकून ही माहिती अभ्यासकांना खुली करावी.

३. दोष माहीत असलेली गाडी साध्या ग्राहकासारखी पाठवून केंद्रांची अचानक परीक्षा घ्यावी. कॅलिब्रेशन गॅसची चाचणी त्रयस्थाने दर तीन महिन्यांनी करावी आणि एक फेरी मे महिन्यात, दुपारी व्हावी.

४. डिझेल चाचणीचा दर खर्चाप्रमाणे वाढवावा आणि पूर्ण रेसमध्ये इंजिनाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवावे. दर वाढवा असे पत्रात लिहिणारे कमी असतील, पण याशिवाय चाचणी होणार नाही.

५. तिन्ही परिवहन कार्यालयांना प्रत्येकी एक कणमोजणी यंत्र, दोन रिफ्रॅक्टोमीटर आणि एक स्कॅनर द्यावा. सुरुवात सरकारी गाड्या, एसटीची आगारे आणि घंटागाड्यांपासून व्हावी.

६. शाळांची फाटके, चौफुल्या आणि बसस्थानकांवर नायट्रोजन डायऑक्साइडच्या निष्क्रिय नळ्या टांगाव्यात. सात सेंटिमीटरची ही नळी, आत हा वायू शोषणारे ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी. तोंड खाली करून दोन ते चार आठवडे टांगायची, मग प्रयोगशाळेत गुलाबी रंगाची तीव्रता ५४० नॅनोमीटरला मोजायची. वीस-पंचवीस टक्क्यांची चूक धरली तरी कोणता चौक वाईट हे नक्की कळते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांतल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे काम होते. आपले वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासून १०. निकाल दोन्हींच्या शेजारी छापावेत.

७. धुळे आणि नंदुरबारसाठी सतत चालणारी हवामापन केंद्रे रस्त्याच्या पातळीवर मिळावीत, आणि जळगावच्या शुद्ध हवा निधीतला वाहनांच्या धुरावरचा खर्च बाबवार जाहीर व्हावा.

८. धावत्या गाड्यांच्या किरण-मोजणीचा एक प्रयोग लळिंगच्या चढावर घ्यावा. चढ आणि इंजिनावर भार : या पद्धतीला हव्या असलेल्या या गोष्टी तिथे आहेत. पावसाळा टाळावा, कारण ओल्या रस्त्यावर उडणारे तुषार किरणात येतात.

यातल्या १, ३ आणि ६ या मागण्यांना मोठी तरतूद लागत नाही. त्या येत्या हिवाळ्याच्या आत सुरू होऊ शकतात. रस्त्यावरच्या तपासणीला नोझल टेस्टर आणि प्रशिक्षित हात हवे असतील तर आम्ही विनामोबदला येऊ. नळ्या टांगायला आणि उतरवायला विद्यार्थी आहेत. तारीख, ठिकाण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील काही गॅरेजवाले, डिझेल कारागीर, आयटीआय निदेशक आणि रसायनशास्त्राचे शिक्षक